बंद दुकानांची पाहणी

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि ती मुकाट ऐकून घेई. शर्यत असो, प्रदर्शन असो की संगीत मेळावा, मांडव उतरला रे उतरला की ही कागद घेऊन हजर. किती माणसं आली, कुणाचा धंदा वाढला, आसपासच्यांना बरं वाटलं की त्यांचं डोकं उठलं. अठरा वर्षं हेच चाललं होतं. पाय कंटाळले होते, आणि खरं सांगायचं तर जीवही.

यंदाच्या चार दिवसांच्या मेळाव्याचा अहवाल तयार होता. दहातले नऊ दुकानदार खूश. त्या जोरावर पुढच्या वर्षी चाराचे पंधरा दिवस करायचं घाटत होतं. राहिली होती फक्त तिची सही.

संध्याकाळी ती दादाकडे टेकली. मेळाव्याच्याच रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान, आणि गिऱ्हाईक बहुतेक सत्तरीपुढचं. रस्ता अडवल्यावर ती म्हातारी माणसं चालत येणार कशी? चारही दिवस दादानं शटर वर केलं नव्हतं.

काच पुसता पुसता त्यानं विचारलं, "आमचं काय लिहिलंस?"

"तुझं दुकान बंद होतं, दादा. बंद असलं की शेजारच्याला विचारायचं, असा नियम आहे."

शेजारी सरबतवाला. त्याची तर चांदी झाली होती.

"अगं, बंद का होतं, तेच विचारायचं ना," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून तिला जास्तच लागलं.

कारण नियम तिचाच होता. सहा वर्षांपूर्वी पुन्हापुन्हा हेलपाटे नकोत म्हणून तिनंच तो काढला होता, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

सकाळी तिनं वगळलेल्या दुकानांची यादी काढली. एकतीस निघाली. शिंपी, चपला दुरुस्त करणारा, दाताची डॉक्टरीण, ती एकेकाला फोन करत गेली. बहुतेकांनी तेच सांगितलं: गिऱ्हाईक पोचूच शकलं नाही. मग यादी घेऊन ती ऑफिसातल्या साहेबाकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. नियम चुकला असं लिहिलंत तर सहा वर्षांचे अहवाल झोपतील, मग तुम्हाला पाहणीचं काम कुणी देणार नाही, असं त्यानं समजावलं. चार वाजेपर्यंत विचार करा म्हणाला.

दुपारी ती दादाला सांगायला धावली, की पंधरा दिवसांचं बहुतेक बारगळेल. दादा फ्रेमा खोक्यात भरत होता. सकाळीच त्यानं जागेच्या मालकाला दुकान सोडायचा शब्द दिला होता. महिनाअखेर गाळा सरबतवाल्याकडे जाणार होता.

"एक दिवस थांबायचं होतंस," ती म्हणाली.

"चार दिवस घरी बसलो ना, तेव्हाच धीर सुटला. असे पंधरा माझ्यानं निघायचे नाहीत."

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. दादानं तिला पाणी दिलं.

"मग आता कशाला लिहू मी?" तिनं विचारलं.

दादाचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाकीच्या तीस जणांनी तुला फोनवर सांगितलं, ते काय माझ्यासाठी?"

तिनं डोळे पुसले. चारला वीस मिनिटं कमी होती. साहेब निघून जायच्या आत पोचायचं, म्हणून ती उठली.