रोहिणखेडचे सहा पतंग

"बाई, तुयी पेटी खोटं सांगते," फोनवर रोहिणखेडहून नूरजहांचाची म्हणाल्या. "ती म्हणते एकेचाळीस. सापळ्यात सहाच पतंग हायेत. म्या दोनदा मोजले."

जळगाव जामोदला घरून काम करणाऱ्या योगिनीच्या छोट्याशा कंपनीनं ती पेटी बनवली होती. चाचींच्या कपाशीत, वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यावर कॅमेरा बसवलेला. तो रोज सकाळी फोटो काढून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचा, आणि आकडा सलग तीन दिवस आठाच्या वर राहिला की गावात फवारणीचा संदेश जायचा. आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ला, बीटी लावूनही अळीनं बोंडं आतून पोखरली होती. संदेश आल्यावर कुणी थांबलं नसतं. आणि जास्त आकड्याचा हा दुसरा दिवस होता.

"चाची, मोजण्यात चूक झाली असेल."

"मंग ये अन् पाह्य."

संदेश रोखून ठेवून योगिनी दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून रोहिणखेडला पोचली. चाचींनी सापळा खोलून दाखवला. त्या दिवशी पाच पतंग होते. पेटीचा आकडा होता अडतीस. योगिनीला खाली पाहावंसं वाटलं.

चाचींनी मुलीची, मलिहाची, जुनी वही काढली. पेटी बसवल्यापासून रोजची मोजणी त्यांनी तिच्यात लिहिली होती. काही तारखांपुढे फुली होती.

"ही कायची?"

"त्या दिवशी पेटीचा दिवा बंद होऊन पुन्हा लागला होता. आभाळ भरलं की सोलरची बॅटरी उतरते ना."

पेटीचे चुकीचे आकडे प्रत्येक वेळी एखाद्या फुलीपासूनच सुरू होत होते. ऑफिसात पेटी कायम विजेवर चालायची. ती अशी बंद-चालू कुणी करून पाहिलीच नव्हती.

बांधावरच्या निंबाखाली बसून योगिनीनं पेटी दहा वेळा बंद करून चालू केली. तीनदा घोटाळा झाला, आणि मग कारण सापडलं. कॅमेरा फोटो थेट मेमरीत लिहितो. त्यानं कुठं लिहायचं हे ठरवणारं एक वेगळं हार्डवेअर मध्ये असतं. त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमची नोंद, उपकरणं ज्या मार्गानं मेमरीशी जोडलेली असतात त्या बसकडे, कॅमेरा सुरू होण्याआधी व्हायला हवी. पेटी चालू होताना कधीकधी कॅमेराच आधी जागा व्हायचा. मग फोटो भलतीकडेच लिहिला जायचा आणि मोजणीच्या जागेत जुन्या फोटोंचे तुकडे राहायचे. जुनेच पतंग पुन्हा मोजले जात होते.

तिनं कर्नलमधली, म्हणजे पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली ती नोंद कॅमेऱ्याच्या आधी आणली, आणि नोंद होईपर्यंत कॅमेऱ्यानं थांबावं अशी सोय केली. मग वीस वेळा पेटी चालू केली. प्रत्येक वेळी पाच.

"झालं?" चाचींनी भाकर आणि वांग्याची भाजी पुढे ठेवली.

"झालं. हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे ही दुरुस्ती जगभरातले लोक वाचतील. चूक कोणी कळवली ते तिच्यात लिहायची रीत आहे. तुमचं नाव लिहू?"

"मायं? म्या काय केलं व?"

"तुम्ही रोज मोजलं. नाहीतर आज-उद्या पन्नास घरांनी उगाच औषध मारलं असतं."

चाचींचा दीर मुजम्मिल मागच्या साली औषध फवारताना चक्कर येऊन बांधावर पडला होता. त्यांनी योगिनीच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मग म्हणाल्या, "लिही. रोहिणखेडबी लिही."

ऑक्टोबरात आकडा खरोखरच चढला. नऊ, अकरा, बारा. वही आणि पेटी जुळत होत्या. संदेश गेला, गावानं वेळेवर फवारलं आणि चाचींच्या कापसाच्या पहिल्या दोन वेचण्या निर्मळ निघाल्या.

योगिनीनं त्यांचे आभार मानायला फोन केला, तर चाचीच आधी बोलल्या. "मागच्या सालीबी मी सांगत होती, अळी आली म्हणून. कोणी आयकलं नाही. तू दोन गाड्या बदलून माया वावरात आली. अल्ला तुले खूश ठेवो, बेटा."

"चाची, त्या दिवशी मी आधी तुमचीच चूक काढली होती," योगिनी म्हणाली.

"हाव, काढली होती," चाची हसल्या. "पण आली ना."