मानाची गाठ

मी चौक गावच्या हरेशच्या गोठ्यातला बेलर बोलतोय. हिरव्या मक्याची कुट्टी माझ्या पोटात टाकली की मी ती दाबून गोल गाठ बांधतो, वर प्लॅस्टिक गुंडाळतो. आत हवा शिरली नाही तर हा मुरवलेला चारा, मुरघास, वर्षभर टिकतो. शिरली, तर बुरशी धरते.

खोपोलीच्या दुकानात माझ्याशेजारी माझ्या दुप्पट बेलर होता. हरेशचा डोळा त्याच्यावरच. त्याची बायको समीक्षा म्हणाली, "त्याची गाठ हलवायला ट्रॅक्टर लागतो. तुमी जाल डूटीला. मग गाठ गोठ्यात कोण नेणार, म्हस?"

मी निवडला गेलो.

माघात मका चिकात, कापणीला आला. माझी पहिली गाठ बाहेर पडली तशी हरेशची आई विमलबाई हळदकुंकू घेऊन आली. गाठीला हळद माखली, नारळ फोडला आणि पेटवलेल्या दोन उदबत्त्या खचकन प्लॅस्टिकमध्ये खोचल्या.

मला ओरडावंसं वाटलं. पण यंत्राला नुसती घरघर येते. माणसं नव्या वस्तूला पूजतात, तिला काय सोसतं ते विचारत नाहीत.

उदबत्त्या जळून गेल्या, भोकं हळदीच्या डागात दिसेनाशी झाली. गाठ मानाची म्हणून माझ्याजवळ वेगळी ठेवली. ती गाभण म्हशीसाठी, चांदीसाठी होती. ऊन तापलं तशी गाठ आतून कुजत गेली. मला वास येत होता, सांगता येत नव्हतं.

वैशाखात चांदीचे दिवस भरत आले. हरेशने कामावर जायच्या घाईत गाठ फाडली आणि पाटीभर मुरघास तिच्यापुढे ओतला. चांदीने फुरफुरून तोंड फिरवलं.

"खा गं, नखरे नको करू."

तिने पुन्हा मान खाली घातली. तेवढ्यात विमलबाईने मुरघासात हात घातला. बोटांना पांढरी जाळी चिकटली.

"हरेश, मागं घे तिला! बुरशी हाय रं! पोटातलं जाईल तिच्या!"

त्याने दाव्याला हिसडा दिला. समीक्षाने दोन्ही हातांनी मुरघास बाजूला ओढला. मग हरेशने गाठ उलटली. हळदीच्या मधोमध दोन भोकं होती.

"आये, पूजा केलीस का इंजेक्शन दिलंस?"

विमलबाई चांदीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. आत काहीतरी हललं, तेव्हा कुठे ती खाली बसली.

आज पुन्हा मका आलाय. पहिली गाठ पडली आणि विमलबाई पेटत्या उदबत्त्या घेऊन आलीच. माझी साखळी थरथरली. पूजा करा हो, पण माझ्या गाठीला टोचू नका!

तिने ओटीतून केळं काढलं, माझ्या चाकाशी ठेवलं आणि उदबत्त्या त्यात खोचल्या.

त्या विझल्यावर चांदीचं रेडकू आलं आणि केळं सालासकट खाऊन गेलं.