इबोयाचं औक्षण

इबोयाला अबुधाबीत तो मोठा आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले, "ही माझी मैत्रीण!"

"आई, तो डिलिव्हरीवाला होता," सून म्हणाली.

"असू दे. त्यालाही कळलं पाहिजे."

सत्त्याहत्तर साली ह्यांना कंपनीने बुडापेस्टच्या बस कारखान्यात ट्रेनिंगला पाठवलं होतं. इबोया तार्नोकी आमच्या शेजारच्या दारातली. दिवसभर ट्राममध्ये तिकिटं तपासायची आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून कादंबरीची पानं मोठ्याने वाचायची. तेव्हा तिचं कोणी छापत नव्हतं. मला हंगेरियन निम्मंच कळायचं, पण तिला मीच हवी असायचे. मी आमटी ढवळायला उठले, की ते पान ती फाडून टाकायची. म्हणायची, "इथे तू कंटाळलीस." ती उकडलेल्या बटाट्याच्या पारीत आलुबुखार भरून गोळे करायची आणि मी त्यांना मोदकासारख्या कळ्या काढायचे. त्या गोळ्यांना ती आजही माझ्या नावाने ओळखते.

अबुधाबीत पुरस्कार घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती इथे, आम्ही राहतो त्या अल नहदाला आली, ती माझ्या एका फोनवर. इथल्या मराठी मंडळाने आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. तिला आपल्या हाताने ओवाळायचं, एवढंच माझ्या मनात होतं. तबक मी सकाळीच सजवलं होतं.

ती यायच्या जरा आधी मंडळाची अध्यक्ष शोभना माझ्याजवळ आली.

"काकू, प्लीज मिसअंडरस्टँड करू नका हं. कमिटीत डिस्कस झालं. शुभकार्य आहे, तर औक्षण सवाष्णीने केलेलं बरं. तुम्ही ट्रान्सलेशन करा ना, ते तर तुमच्याशिवाय कोणालाच जमणार नाही."

हे जाऊन सहा वर्षं झाली. या वाक्याची मला सवय आहे. तरी त्या दिवशी ते लागलं. मी तबक तिच्या हातात दिलं.

"यल्ला, चला चला, गाडी आली!" कोणीतरी ओरडलं.

इबोया काठी टेकत आत आली. गळ्यात सोनेरी पदक, केस पांढरेशुभ्र. मला बघताच काठी टाकून तिने मिठी मारली आणि माझ्या कानात म्हणाली, "तू म्हातारी झालीस." सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, ह्या टाळ्यांत थोड्या माझ्याही आहेत.

शोभनाने तिला पाटाऐवजी खुर्चीत बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि खण-नारळ, तांदूळ घेऊन ओटी भरायला वाकली.

"हे तांदूळ कशाला?" इबोयाने मला विचारलं.

"जिचा नवरा आहे, तिची अशी ओटी भरतात."

ती खदखदून हसली. "कुठला नवरा? दोघांना पुरलं मी! सांग त्यांना."

माइक माझ्या हातात होता. हॉल वाट बघत होता.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "त्यांचे दोन्ही नवरे वारले."

शोभनाच्या ओंजळीतले तांदूळ तसेच राहिले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "खलास!" हशा पिकला.

"आता काय अडलं?" इबोयाने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, कमिटीसकट. ती ऐकत राहिली, मग तिने शोभनाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. याचं भाषांतर करावं लागलं नाही.

शोभना लाल झाली होती. तिने निरांजन लावलं आणि तबक माझ्यापुढे धरलं. "काकू, सॉरी. तुम्हीच करा. कमिटीचं मी बघते."

मी ओवाळलं. ज्योत स्थिर होती. इबोया डोळे न मिटता माझ्याकडे बघत होती, पूर्वी पानं वाचताना बघायची तशी. या वेळी मी कुठे उठून गेले नाही.

"आता मी काय करायचं?"

"ओवाळणी घालायची. काहीही चालतं."

तिने गळ्यातलं पदक काढून तबकात टाकलं.

"ओ माय गॉड, आजी!" माझी नात केया ओरडली. "इज दॅट रिअल गोल्ड?"

मी पदक उचललं. चांगलंच जड होतं. ते मी पुन्हा इबोयाच्या गळ्यात घातलं.

"हे तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. "मला ते माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात बघायचंय."