फोन ठेवल्यावर

रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायची एक खोली होती आणि त्या खोलीत फोन न्यायला सक्त मनाई होती. रंग पातळ करायच्या द्रावणांचा वास तिथे कायम भरलेला. एखादी ठिणगी उडाली तर खोलीसकट सगळेच उडायचे. म्हणून दाराबाहेरच्या लोखंडी खणात फोन ठेवून आत जायचं. इतरांचे फोन संध्याकाळपर्यंत निवांत पडून असत. तिचा मात्र नाही. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी आत-बाहेर करत होती. एक नमुना कार्डावर ओढला, सुकायला ठेवला, की ही बाहेर. खण उघडायचा, जिन्याच्या वळणावर उभं राहायचं, घरी फोन लावायचा.

“लोक सिगरेट ओढायला बाहेर जातात,” शेजारच्या टेबलावरचे मामा म्हणाले. सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. “तू फोन ओढायला जातेस.”

ती कसनुसं हसली. मामांना काय, त्यांची मुलं मिशा फुटलेली. तिच्या घरी टिल्ली होती, नुकती आधाराशिवाय बसायला लागलेली. आणि टिल्लीजवळ सासूबाई होत्या, ज्यांना कमी ऐकू यायचं.

रजेचे शेवटचे दिवस यावरून नवऱ्याशी भांडण्यातच गेले होते. ती म्हणत होती पाळणाघर, तो म्हणत होता घरात आजी असताना कशाला. सगळं ऐकून, म्हणजे ओठांवरून ओळखून, सासूबाईंनी तह केला होता. कानाला नवं मशीन लावते, महिनाभर बघा. नाही जमलं तर मीच तिला कडेवर घेऊन पाळणाघरात पोचवीन आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

तेव्हापासून तो महिना चालू होता आणि सून परीक्षा घेत होती.

मशीन आणायलाही तीच सोबत गेली होती. जुन्या मशीनजवळ फोन नेला की ते शिट्टी घालायचं आणि सासूबाई फोन झुरळासारखा झटकायच्या. नव्याचं तसं नव्हतं. कानामागे बारीक बटण होतं. ते दाबलं की कानात दोनदा टूं वाजायचं, मग मशीन फक्त फोनचं ऐकायचं. परत दाबलं की एकदा टूं, मग ते आजूबाजूचं ऐकायला मोकळं. फोनही कानाच्या भोकाशी न धरता वर, मशीनला टेकवून धरायचा. सासूबाई तसा धरायच्या तेव्हा डोकं खाजवतायत असंच वाटायचं.

फोनवर असताना बाहेरचा आवाज थोडा राहू दे, की अगदी बंद करू, असं मशीनवालीने विचारलं होतं. सासूबाई तोंड उघडणार तेवढ्यात सूनच म्हणाली होती, अगदी बंद. टिल्ली रडत असताना आपण फोनवर घसा फोडतोय आणि पलीकडून नुसतं ‘काय? काय?’ येतंय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं. आपलं बोलणं स्वच्छ पोचलं पाहिजे. बाकीचं नंतर बघू.

त्या दिवशी सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. टिल्लीचं नाक चोंदलेलं. पहिला फोन, दूध प्यायली का. दुसरा, शिंकतेय का. तिसरा केला तेव्हा काय विचारायचं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, काय करतेय? बसलीय, सासूबाई म्हणाल्या, तू मगाशी फोनवर होतीस तेव्हापासून बसलीच आहे. आवाज तुटत होता, म्हणून तिने नेहमीसारखं त्यांना खिडकीपाशी यायला लावलं. टोपडं घाला, पंखा बंद करा, असं सांगून झालं. “बरं,” म्हणून सासूबाईंनी फोन बाजूला ठेवला. पण बंद केला नाही. तो त्या कधीच बंद करायच्या नाहीत. समोरचा करतो की, असं त्यांचं म्हणणं.

ती बंद करणारच होती. अंगठा वर आला आणि तिला गाणं ऐकू आलं. सासूबाई गुणगुणत होत्या. गुणगुणत कसल्या, चांगल्या मोठ्या आवाजात, सूर सोडून, रिकाम्या घरात एखादा गातो तशा गात होत्या. आणि त्या गाण्याच्या मागून टिल्लीचं रडणं आलं.

आधी ते किरकिरणं होतं. मग भोकाड. मग श्वास अडकून मध्येच थांबणारं रडणं. आणि गाणं आपलं चालूच.

“आई,” ती फोनमध्ये म्हणाली. मग मोठ्याने. मग जिनाभर घुमेल इतक्या मोठ्याने. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. सासूबाईंनी कडवं बदललं.

ती मामांना काय सांगून निघाली हे तिला नंतर आठवलं नाही. अंगात कामाचा डगला तसाच, त्यावर पांढऱ्या रंगाचा ओघळ. रिक्षात बसल्यावरही फोन कानाला होता. रडणं थांबलं तर धस्स व्हायचं, पुन्हा सुरू झालं की वाटायचं, आहे, श्वास आहे. नवऱ्याला फोन लावायचा तर हा बंद करावा लागला असता, आणि तेवढं धाडस तिच्यात नव्हतं.

दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. टिल्लीचा एक पाय तिच्या कठड्याच्या खाटल्याच्या दांड्यांतून गुडघ्यापर्यंत बाहेर आला होता आणि अडकला होता. तोंड लाल, नाकाचं तोंडात, तोंडाचं गळ्यावर. आणि चार पावलांवर, खिडकीच्या उजेडात, पाठ करून बसलेल्या सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. शेजारी चौकटीवर फोन.

तिने पाय सोडवला, टिल्लीला छातीशी धरलं. मांडीवर लाल वळ होता, बाकी काही नव्हतं. पण एवढा वेळ दाबून ठेवलेलं आता बाहेर पडलं. असं कसं ऐकू येत नाही, एवढ्या महागाचं मशीन कशाला घेतलं मग, माझंच चुकलं विश्वास ठेवला ते. तिची बडबड सासूबाईंच्या पाठीवर आपटत राहिली. मग जमिनीवर तिची सावली सरकली म्हणून की काय, त्या वळल्या.

“तू? अर्ध्या दिवसातच सोडलं?” मग टिल्लीचं तोंड पाहिलं, सुनेचं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हात झटकन कानामागे गेला. “हां. आता बोल.”

ती त्या हाताकडे बघत राहिली.

“आत्ता दाबलंत?”

“हो.”

“फोन ठेवल्यावर दाबलं नव्हतं?”

सासूबाई खाटल्याकडे बघत होत्या, त्या दांड्यांकडे. मग लहान मुलाला समजावतात तशा हळू बोलल्या. “पहिल्या दिवशी दाबत होते गं. तुझा आला की दाबायचं, ठेवला की दाबायचं, लगेच पुन्हा खिशात थरथर सुरू. शेवटी कानात एकदा वाजलं की दोनदा हेच ध्यानात राहीना. म्हटलं, ही परत करणारच आहे. मग तसंच ठेवायला लागले.”

तिला बसावंसं वाटलं. खाटल्याशेजारी सासूबाईंची खुर्ची होती, तिच्यातच ती बसली. खुर्ची खाटल्याला इतकी चिकटून होती की बसल्यावर तिचा पाय आपोआप खाटल्याच्या खुराला टेकला. मांडीवर टिल्लीने उसासा टाकला.

“इथे बसते मी,” सासूबाई म्हणाल्या. “ती हलली की पायाला कळतं. तुझा फोन आला की खिडकीत जाते. तूच म्हणतेस ना, तिथे नीट ऐकू येतं.” आणि मग, डोळे पुसत, “पाळणाघराचं विचारून ये. मी शब्द दिलाय.”

मशीनवालीच्या दुकानात आपणच म्हटलेलं ‘अगदी बंद’ तिला आठवलं. ते बोलून दाखवायला तिची जीभ रेटेना. टिल्लीला तिने सासूबाईंच्या हातात दिलं, तेवढंच केलं.

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून, दोघींची तोंडं बघून त्याने विचारलं, म्हणजे नापास कोण झालं? दोघींनीही त्याला चहा दिला नाही. रात्रीच्या जेवणाला मात्र ती सासूबाईंना म्हणाली, मी उद्यापासून फोन करणार नाही. तुम्ही करा, दुपारी, ती झोपली की. आणि पुढच्या आठवड्यात मशीनवालीकडे जाऊ, बाहेरचा आवाज थोडा उघडून घेऊ. “ते अगदी बंद मीच करायला लावलं होतं,” ती ताटाकडे बघून म्हणाली.

“ऐकलं होतं मी,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हा जुनं मशीन होतं, तरी ऐकलं होतं.”

खाटल्याच्या दांड्यांना त्या रात्री दोघींनी मिळून जाड चादर बांधली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सकाळ सरता सरेना. पांढऱ्याची एक खेप होती. मूळ कार्डाशेजारी नमुना धरायचा आणि पिवळसर झाक आहे का पाहायचं. तिला सगळंच पिवळसर दिसत होतं. ती दोनदा बाहेर गेली, खण उघडला, फोन हातात घेतला. पडदा काळाच. तिने तो परत ठेवला. मामांनी तिचं कार्ड उचलून रंग पारखायच्या उजेडाच्या पेटीत स्वतः पाहिलं आणि मान डोलावली.

जेवणाची सुट्टी झाली, संपत आली. ती डबा न उघडता जिन्यात उभी होती. आता करावा का? एकदाच. नुसता वाजवून ठेवावा. पण वाजला की त्या खुर्चीवरून उठणार, कानामागे हात जाणार. अंगठा नावावर थांबला, उचलला, पुन्हा आला.

फोन हातातच थरथरला.

“झोपली,” सासूबाईंचा आवाज घाईत होता. “पोटभर जेवली, नाक मोकळं आहे. काही विचारू नकोस, मला परत दाबायचंय. ठेवते.”

आणि नेहमीप्रमाणे बंद न करता त्यांनी फोन बाजूला ठेवला.

ती कान देऊन राहिली. खुर्ची करकरली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग तेच गाणं आलं, पण आज इतकं हळू, इतकं सुरात, की ते ऐकायला तिला श्वास धरावा लागला. मूल उठेल म्हणून दबकून गातात तसं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता.

आणखी थोडं ऐकावं असं तिला फार वाटलं. तिने फोन बंद केला, खणात ठेवला आणि आत गेली.