किसनसिंगच्या दारातली रिकामी बंडी

मित्रांनो, मी आर्णीजवळच्या एका तांड्यावरची जुनी बैलबंडी आहे. "बंडी जोडा!" असं कोणी ओरडत आलं, की आजही चाकं पेलणारा माझा आस थरथरतो.

१९५६ साली आर्णीच्या देवराव सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. चाकं ठोकून, फिरवून पाहिली, मगच मला तांड्यावरच्या किसनसिंगच्या हवाली केलं. म्हणाला, "चाक बिघडलं तं घेऊन ये गा. बदलून देईन." त्या शब्दाचा मला फार आधार वाटला.

किसनसिंगचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरत. तो शेती करी आणि भाड्याने मालही नेई. घराण्याची एक रीत मात्र त्याने सोडली नव्हती. परक्याचा माल एकदा भरला, की पोचेपर्यंत उतरवायचा नाही. बाजारात त्याचं कौतुक होई. मलाही गर्व वाटे.

दोन वर्षांनी, वेचणीच्या दिवसांत, एका दुपारी आर्णीच्या बाजारात न्यायचा घनश्याम पाटलाचा कापूस माझ्यावर भरून झाला होता. आसाला वंगण घालायचं राहिलं होतं. तेवढ्यात बाया शेतातून चंदाबाईला उचलून घेऊन आल्या. तिला, किसनसिंगच्या बायकोला, साप चावला होता. दवाखाना आर्णीला.

"अरे, कापूस खाली फेक!" शेजारची सुखीबाई ओरडली.

"परक्याचा माल हाय, काकी. फेकू कसा? तिकडंच तं जाऊन राह्यलो."

त्याने चंदाबाईला कापसावरच निजवलं.

ओझं जड, आस कोरडा. मी कुरकुरत कशीबशी सरकत होते.

"आली का जी आर्णी?" ती विचारी.

"हे आलीच."

मग तिचं विचारणं थांबलं. बोल बाई, काहीतरी बोल, असं मला वाटत राहिलं. नाल्याच्या चढावर माझं चाक मोडलं. मागून सायकलवर घनश्याम आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अबे किसन, कापूस उद्याही कापूसच राह्यला असता!"

दोघांनी तिला खांद्यावर घेतलं. दवाखान्याची पायरी येण्याआधीच ती गेली.

देवरावने शब्द पाळला. नवं चाक घेऊन तो तांड्यावर आला. किसनसिंगने चाकावर हात ठेवला. "चाक बदलून देलं तू. ते दुपार कोण बदलून देईल गा?" देवराव तिथेच मातीत बसला.

तेव्हापासून किसनसिंगने माल वाहणं सोडलं. रोज वंगण घालून, आत कडबा पसरून तो मला दारात उभी ठेवू लागला.

"काहून गा, रिकामी बंडी अंडी घालते का?" लोक हसत.

"कापूस आधी भरून ठेवता येते," तो म्हणे. "कोणाले दवाखान्यात नेणं आधी करून ठेवता येते का? त्याच्यासाठी रिकामंच राहा लागते."

पुढे मी अनेकांना नेलं. पुष्कळसे माझ्यातच बसून, हसत परत आले. तरी बैल जोडले, की ती दुपार आठवते आणि आत माणसाचा आवाज येतो का, तेवढंच मी ऐकत राहते.

मित्रांनो, तुमच्या बंडीचा आस कोरडा ठेवू नका. आणि कोणाला घाईने न्यायचं असेल, तर बाकी सगळं खाली फेका. मातीत पडलेला कापूस झटकून घेता येतो.