फिकट आतून, गडद बाहेरून

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बोटं ग्रीसला सरावलेली. आज मात्र तो आरशासमोर एक डोळा मिटून, पापणीवर इवलासा ब्रश फिरवत उभा होता. बायको नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी होती आणि संध्याकाळी शाळेच्या कार्यक्रमात लेक फुलपाखरू होणार होती.

"नाकाच्या बाजूला फिकट जांभळा, बाहेरच्या कोपऱ्याला गडद," बायकोने फोनवर बजावलं होतं. "दोन्ही असे मिसळ की मध्ये रेघ दिसता कामा नये. आणि हात हलका ठेव, नट आवळत नाहीयेस."

लेकीच्या डोळ्यापाशी एकदम ब्रश न्यायची त्याची छाती होईना, म्हणून आधी स्वतःवर. लेकीला घरात चिमटी म्हणत. ती शेजारी स्टुलावर उभी राहून बघत होती.

"बाबा, तुला कोणीतरी ठोसा मारल्यासारखं दिसतंय."

"थांब गं. गडद जरा जास्त झाला."

दुसरा डोळा छान जमला. इतका की तो मान तिरकी करून स्वतःकडेच बघत राहिला.

तेवढ्यात बेल वाजली. चिमटीने धावत जाऊन दार उघडलं, आणि त्याच्या कामावरचा मुकादम थेट आत आला. मागे कामातला जोडीदार. कुठेतरी लिफ्ट अडकली होती आणि वरच्या यंत्रखोलीची किल्ली याच्याकडे राहिली होती.

"अरे बापरे!" मुकादम जागीच थबकला. "वहिनी गावाला गेल्या आणि तू हे सुरू केलंस?"

जोडीदार तर भिंतीला टेकून हसायला लागला.

याची कानशिलं तापली. "ह्या कार्टीचे उद्योग! जरा डोळा लागला होता माझा," तो ओरडला. "काय गं, लाज नाही वाटत? बापाच्या तोंडाला रंग फासतेस?"

चिमटी त्याच्याकडे बघतच राहिली. ब्रश अजून त्याच्या हातात होता. तिने तो हळूच काढून घेतला आणि पाठीमागे धरला.

"चुकले, बाबा. परत नाही करणार."

किल्ली घेऊन दोघं हसत जिना उतरले. त्याने साबण लावून तोंड खसाखसा धुतलं. बाहेर आला तेव्हा चिमटी डोळे मिटून स्टुलावर बसली होती. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडून निघालं एवढंच, "हलू नकोस."

रंग सुंदर मिसळला. रेघ कुठेच नव्हती.

शाळेत बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "काय सुरेख केलेत गं डोळे! कोणी केले?"

चिमटीने आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेजारच्या काकूंनी."

तो पाण्याची बाटली धरून उभा राहिला. 'मी केले' म्हणायच्या ऐवजी बाटलीचं झाकण फिरवत राहिला. नाच कधी सुरू झाला आणि कधी संपला, त्याला कळलंही नाही.

घरी येताना त्याने विचारलं, "काकूंचं नाव का सांगितलंस?"

"तुला आवडत नाही ना, कोणाला कळलेलं." 'चहात साखर नको असते ना तुला' म्हणावं, तितक्या सहजपणे ती म्हणाली.

सोमवारी चहाच्या वेळी मुकादमाने सगळ्यांदेखत विषय काढला. "काय रे, आज लेकीने तोंड रंगवलं नाही वाटतं?"

त्याने पाना खाली ठेवला. "तिने नव्हतं लावलं. माझं मीच लावलं होतं, तिला लावायच्या आधी हात बसावा म्हणून. उगाच तिच्यावर ढकललं."

असा हशा पिकला की संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'जांभळ्या' पडलं.

घरी चिमटी अभ्यास करत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"हसले?"

"खूप."

"मग?"

"मग काय. हसले." तो तिच्यासमोर खाली बसला. "तुझ्यावर ओरडलो ते चुकलं माझं."

तिने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. पेन्सिलीने एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत राहिली. तो तिथेच बसून राहिला, ती काही बोलेपर्यंत.