खिडकीतलं उत्तर

दारव्ह्यापासून सात किलोमीटरवरच्या तांड्यात फुलचंद राठोडचं नवं घर आहे. घराला खिडक्या चार आणि पडदे आठ. एकेका खिडकीला एकावर एक दोन पडदे लावणारा माणूस एकतर फार श्रीमंत असतो, नाहीतर फार खजील झालेला असतो. फुलचंद श्रीमंत नव्हता.

तो दारव्ह्याच्या एका खासगी कौशल्य केंद्रात तासिकेवर मास्तर होता. विषय बांधकाम साहित्य. तीन वर्षांचा डिप्लोमा त्यानं सहा वर्षांत पूर्ण केलेला. त्याचं म्हणणं असं की, दुप्पट वेळ दिला म्हणजे ज्ञानही दुप्पट झालं असणार. या हिशेबाला तांड्यात कोणी आव्हान दिलं नाही, कारण डिप्लोमा केलेला तांड्यातला पहिला माणूस तोच. पुढं त्यानं स्वतःच्या नोट्स काढल्या, पहिल्या पानावर स्वतःचा फोटो छापला, आणि चौथ्या धड्यावर तर त्याचा एवढा जीव की विचारू नका. चौथा धडा, अलोह धातू. तांबं, पितळ, जस्त, शिसं, कथील, ॲल्युमिनियम. एका दमात म्हणायचा आणि पोरांकडे असा पाहायचा, की जणू हे सगळे धातू यानंच खाणीतून खोदून आणले.

तर घर बांधलं तेव्हाची गोष्ट. खिडक्या ॲल्युमिनियमच्या. कारखान्यातून येताना त्यांच्यावर निळी टेप चिकटवलेली असते. वास्तूला दोन दिवस उरले, खिडक्यांच्या कडांचा गिलावा अजून बाकी, आणि फुलचंदला घाई सुटली चकाकीची. सासरची मंडळी येणार, केंद्राचे प्राचार्य येणार, त्यांनी काय निळी टेप बघायची? त्यानं टेप ओढायला सुरुवात केली.

बांधकामावर भुरीबाई होती. तांड्यातलीच, कामावर नावाला रेजा, म्हणजे टोपली उचलणारी; पण मिस्त्री जेवायला बसला की थापी हिच्या हातात, आणि मिस्त्रीपेक्षा हिचा कोपरा सरळ. ती म्हणाली, "भिया, टेप राहू द्या. गिलावा वाळला की काढा. नाहीतं तेलाचा हात तरी मारा वरून."

भिया म्हणजे भाऊ. भावानं काय करावं? "बरं" म्हणावं. पण हा भाऊ मास्तर होता. तो सिमेंटच्या पोत्यावर चढला, खरोखरच चढला, आणि बोलला, "ॲल्युमिनियम हा अलोह धातू आहे. अलोह म्हणजे ज्यात लोखंड नाही. लोखंड नाही, म्हणून गंज नाही."

"मी कुठं म्हन्तो गंज लागते? ओला सिमेंट खाते त्याले."

"मी पुस्तक लिहिलंय यावर, भुरीबाई."

"बरं बापा," भुरीबाई म्हणाली आणि टोपली घेऊन गेली.

वास्तूच्या दिवशी खिडक्या झकास चमकल्या. जिथं गिलाव्याचा ओला माल उडाला होता तिथं थोडं राखाडी होतं, ते फडक्यानं निघेल असं फुलचंद म्हणाला. निघालं नाही. पंधरा दिवसांत चारही खिडक्यांवर पांढरे चट्टे उमटले. फुलचंदनं साबण लावला, लिंबू लावलं, वाळू-कागद लावला. कागदानं चट्टा तसाच राहिला, उलट त्याच्या भोवतीचं जे बरं होतं तेही गेलं. मग त्याची बायको उज्ज्वला बाजारातून पडदे घेऊन आली. ती म्हणाली, "धातूचा धडा तुम्ही शिकवा, कापडाचं मी पाहते." दोन पडदे अशासाठी, की एकातून चट्टे दिसत होते.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं निदान नोट्समधली ओळ तरी खोडली असती. "सिमेंटचा ॲल्युमिनियमवर काहीही परिणाम होत नाही." चौथा धडा, पान बावीस. फुलचंदनं नाही खोडली. छापलेलं खोडायचं म्हणजे अपमान, आणि खिडकी काय, पडद्यामागं आहे.

मग यंदा केंद्रात गवंड्यांची परीक्षा आली. ज्यांनी आयुष्यभर काम केलं पण हातात कागद नाही, त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. भुरीबाईनं नाव दिलं. तिला ते पाहिजेच होतं. शाळेच्या नव्या खोल्यांचं काम निघालं होतं आणि ठेकेदारानं तिला तोंडावर सांगितलं होतं, "कागद आण, मग थापी धर. नाहीतर टोपली हायेच." बावीस वर्षं टोपली उचलून तिचा खांदा गेला होता. टोपलीतून सुटायचं तर हीच एक वाट होती.

परीक्षक आले अमरावतीहून. अक्षय नाव, वय सत्तावीस-अठ्ठावीस, हातात टॅबलेट, फार सभ्य माणूस. तोंडी परीक्षेचे दहा प्रश्न स्थानिक केंद्रानंच द्यायचे होते, आणि केंद्रानं ते कोणाकडून घेतले असतील? फुलचंदनं प्रश्न दिले, उत्तरं दिली, वर चहाही दिला. पास व्हायला दहापैकी सहा बरोबर पाहिजेत.

भुरीबाईनं अंगणात विटांची भिंत बांधून दाखवली तेव्हा अक्षयनं दोनदा ओळंबा लावला, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. मग ती आत येऊन खुर्चीच्या काठावर बसली. शेजारी केंद्राचा माणूस म्हणून फुलचंद.

"अलोह धातूची व्याख्या सांगा," अक्षयनं विचारलं.

"व्याख्या म्हंजे?" भुरीबाई म्हणाली. शून्य.

असे चार प्रश्न गेले. व्याख्या, प्रकार, गुणधर्म किती, वितळण्याचं तापमान. हे सगळे प्रश्न फुलचंदचे खास आवडते. वितळण्याचं तापमान गवंड्याला कशाला पाहिजे, हे त्याला त्या खुर्चीत बसेपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

मग कामाचे प्रश्न आले आणि बाई सुटली. छपराच्या पत्र्याला जस्त कशाला लावतात? "जस्त आधी मरते, लोखंड वाचते." तांब्याचा पाइप कुठं? "गरम पान्याले. पन त्याचं पानी जस्ताच्या पत्र्यावर पडू द्याचं नाही, भोकं पडते." पितळेचा स्क्रू ॲल्युमिनियमला चालतो का? "नाही. पान्यापावसात दोघायचं पटत नाही, अल्मुनियमच झुरते." शिसं, कथील, तेही बरोबर. पाच झाले. अक्षय हसून मान डोलवायला लागला होता.

"शेवटचा. सिमेंटचा ॲल्युमिनियमवर काय परिणाम होतो?"

फुलचंदला आठवलं. पान बावीस.

भुरीबाई म्हणाली, "पुस्तकातलं सांगू का खिडकीतलं?"

"जे खरं असेल ते सांगा."

"ओला माल लागला का खाते त्याले. पांढरे डाग पडते, मंग काही केल्या जात नाही. टेप काढाची नसते."

अक्षयनं टॅबलेटवर पाहिलं. "इथं तर लिहिलंय, काहीही परिणाम होत नाही. तुम्ही कुठं पाहिलं हे?"

भुरीबाईनं फुलचंदकडे पाहिलं. फुलचंदनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"पाह्यलं एका घरी," ती म्हणाली.

"कोणाच्या? फोटो मिळाला, आणि ज्यांनी प्रश्न काढला त्यांनी चूक मान्य केली, तर उत्तर बदलता येतं."

"जाऊ द्या नं सर. कोनाचं नाव कायले घ्यायचं? होतं एक घर."

"मग मला चूकच धरावं लागेल हो. पाच होतात. एकानं राहिलं."

"पुढची परीक्षा कवा हाये?"

"सांगता येत नाही. आली तर केंद्र कळवेल."

आता फुलचंदनं बोलायला पाहिजे होतं ना? एक वाक्य तर होतं. पण त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐका. आपण हिला पुढच्या खेपेला फुकट शिकवू. व्याख्या पाठ करून घेऊ. वाटलं तर नोट्सची एक प्रत भेट देऊ. भेट! ज्या पानानं बाई नापास झाली, तेच पान बाईला भेट. असा हा मास्तर. त्यानं ग्लास उचलला आणि पाणी प्यायला. भुरीबाईनं थापी पिशवीत घातली, पदर सावरला, "येतो सर" म्हणाली आणि गेली. तो पाणीच पीत होता.

पुढचा उमेदवार डोंगरसिंग. हाच तो मिस्त्री, ज्यानं फुलचंदच्या खिडक्यांवर माल उडवला होता. वाळू-कागदानं चट्टे घासायलाही अर्धा दिवस हाच बसला होता, आणि घासता घासता सिमेंटच्या सात पिढ्या यानं उद्धारल्या होत्या. त्यानं नोट्स विकत घेऊन पाठ केल्या होत्या. व्याख्या घडाघडा म्हणाला. मग शेवटचा प्रश्न आला.

"काहीही परिणाम होत नाही सर," डोंगरसिंग म्हणाला, आणि फुलचंदला हळूच डोळा मारला.

"बरोबर. छान," अक्षय म्हणाला.

ते 'छान' फुलचंदला कानाखाली बसल्यासारखं लागलं. आपलंच वाक्य, आपल्याच अभिमानानं छापलेलं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठं त्याला कळलं की ते किती खोटं आहे. एवढी लाज त्याला डिप्लोम्यात तीनदा नापास होऊनही वाटली नव्हती.

"थांबा," तो उठला. "उत्तर चूक आहे."

"कोणाचं?" अक्षयनं विचारलं.

"माझं. आणि ते घरही माझंच."

डोंगरसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. "काहून सांगता सर आता? माहे नऊ झालते!"

भुरीबाई जीपच्या स्टँडवर मागच्या सीटवर बसलेली सापडली. तिच्याशिवाय आत आधीच अकरा माणसं होती. अक्षयला ओढत आणलेला फुलचंद धापा टाकत म्हणाला, "उतर. नाही, उतरू नको, आम्हीच बसतो." आणि परीक्षक, मास्तर आणि उमेदवार अशी तिघं चौदा माणसांच्या जीपमधून तांड्याला निघाली. अक्षय अर्धा दाराबाहेर होता, पण टॅबलेट त्यानं छातीशी धरला होता.

घरी उज्ज्वलानं पाहुणे पाहून घाईनं पडदे आणखी सारखे केले. फुलचंद आत गेला आणि त्यानं पडदा असा ओढला की रॉड, पडदे आणि भिंतीतले दोन खिळे सगळं खाली आलं. उन्हात खिडकी उघडी पडली. चट्टेच चट्टे.

"अरे बाप रे," अक्षय म्हणाला. सभ्य माणूस होता, पण त्याच्याही तोंडून निघालंच.

"अशाच आणखी तीन आहेत," उज्ज्वला म्हणाली. "दाखवू का? आमचे मास्तर घासतानाचा फोटोपण आहे माझ्याकडं."

"सर, डागावर बोट ठेवा," अक्षय म्हणाला. "चेहरा दिसला पाहिजे. जरा इकडं पाहा." फोटो निघाला. मग फुलचंदनं कागदावर लिहून दिलं की पान बावीसवरची ओळ चूक आहे, ती माझीच आहे, आणि उमेदवार श्रीमती भुरीबाई यांचं उत्तर बरोबर आहे. खाली त्यानं पूर्ण नावानिशी सही केली. केंद्रात उद्या काय होईल, नोट्सचं काय होईल, त्याला काही माहीत नव्हतं.

अक्षयनं टॅबलेटवर बोट फिरवलं. "सहा. झालात पास, भुरीबाई. प्रमाणपत्र इथंच, तांड्यात येईल." आणि तो रेंज शोधत अंगणात गेला. उज्ज्वला चहाला आत गेली.

भुरीबाई हात जोडून उभीच राहिली. मग पदरानं तोंड पुसलं तिनं, दोनदा, आणि दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

फुलचंदला राहवलं नाही. "तू माझं नाव काहून नाही घेतलं? तिथंच पास झाली असती. मी तर गप्प बसून तुला घालवलीच होती."

"तोंडावर आलतं भिया. कसं नाही येनार? बावीस वर्सांचा खांदा हाये माहा." तिनं खांद्यावरचा हात काढला. "पन माही बबिता दहावीले हाये. अभ्यासाले उठत नाही लवकर. मंग मी तिले रोज तुमचं नाव घेऊन उठवतो. म्हन्तो, तो फुलचंद तांड्यातूनच शिकला, ऊठ. तुमचंच नाव तिथं घेतलं असतं, तं उद्या सकाळी तिले कोनाचं नाव घेऊन उठवू?"

फुलचंद खाली पडलेला पडद्याचा रॉड उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला, कारण डोळे पुसायला त्याला दुसरं निमित्त सापडलं नाही.